भारीतली उपकरणं आणि आपला ओटा

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत राहणाऱ्या माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर बंद पडला. दुरुस्तीची सोय इथे नव्हती. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. आपल्याकडच्या वाटणाला पुरून उरेल असा मिक्सर करायचं त्यांनी मनावर घेतलं, १९६३ साली कंपनी काढली आणि तिच्यातून ‘सुमीत’ मिक्सर आला. पुढची काही दशकं मराठी घरांत मिक्सर म्हणजे सुमीत असंच समीकरण होतं.

त्या जर्मन मिक्सरचा दर्जा वाईट नव्हता. तो ज्या स्वयंपाकघरासाठी बनला होता तिथे त्याला सूप घोटायचं होतं, केकचं मिश्रण फेटायचं होतं. सुकं खोबरं, भिजवलेली उडदाची डाळ, तीळ-शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला ही कामं त्याच्या मोटरच्या हिशेबातच नव्हती. घट्ट वाटण फिरवताना मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि तापलेली मोटर सलग चालवली की जळते. सुमीतने मोटर दणकट केली आणि वाटणाला योग्य अशी स्टीलची भांडी दिली.

आज स्वयंपाकघराचं नूतनीकरण करायला निघालेल्या माणसासमोर चकचकीत शोरूम असते. काळ्या काचेचा हॉब, भिंतीत बसवलेला ओव्हन, कपाटाच्या दारामागे दडलेला फ्रिज, आवाज न करणारा डिशवॉशर. यातल्या बऱ्याच वस्तू खरोखर उत्तम असतात. पण उत्तम उपकरण आणि आपल्या घरात उत्तम चालणारं उपकरण यांत फरक आहे, आणि तो फरक किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. तो भिंतीतल्या वायरींत, डक्टच्या वळणांत, नळाच्या पाण्यात आणि रोज काय शिजतं यात असतो. म्हणून नूतनीकरणाचं बजेट ठरवताना मी नेहमी एकच आग्रह धरतो: आधी भिंतीमागच्या कामाचे पैसे बाजूला काढा, मग उरलेल्यातून उपकरणं घ्या. उपकरण दहा वर्षांनी बदलता येतं. भिंतीतली वायर बदलायची तर टाइल्स फोडाव्या लागतात.

सुरुवात चिमणीपासून करू, कारण सर्वांत जास्त फसगत तिच्यातच होते.

चिमणीच्या खोक्यावर ताशी घनमीटरचा मोठा आकडा असतो: १२००, १४००, १५००. ग्राहक तोच आकडा पाहून निवड करतो. आता साधा हिशेब करा. दहा फूट बाय आठ फूट, साडेनऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर म्हणजे सुमारे साडेएकवीस घनमीटर हवा. तासाला बारा वेळा ती बदलायची म्हटलं तरी २६० घनमीटर पुरतात. आपल्या फोडण्या आणि तळण लक्षात घेऊन दुप्पट धरा, ५२० झाले. मग १२००ची चिमणी लावूनही मिरचीच्या फोडणीचा ठसका बैठकीच्या खोलीपर्यंत का जातो?

कारण बहुतेक वेळा खोक्यावरचा आकडा डक्ट न जोडता, मोकळ्या हवेत पंखा किती खेचेल याचा असतो. घरात त्याच पंख्याला पाइपातून हवा ढकलावी लागते. चिमणीला सहा इंची तोंड असतं, पण खिडकीच्या वरच्या पट्टीत चार इंचीच भोक पाडणं सोपं म्हणून बसवणारा माणूस पुढे चार इंची पाइप लावून मोकळा होतो. त्या एका सोयीने पाइपाचं छेदक्षेत्र निम्म्याहून कमी होतं, आणि तेवढीच हवा ढकलायला घर्षणाचा अडथळा सात पटींहून जास्त होतो. त्यात तो पाइप ॲल्युमिनियमचा, घड्या पडणारा, छताच्या पोकळीतून तीन-चार वळणं घेत गेलेला असेल तर पंखा नुसता आवाज करतो. त्या घड्यांत तेल साचतं ते वेगळंच.

म्हणून चिमणीचं मॉडेल ठरवण्याआधी डक्टचा मार्ग ठरवा. शेगडी बाहेरच्या भिंतीला लागून किंवा तिच्या जवळात जवळ हवी. पाइप सहा इंची, आतून गुळगुळीत, शक्यतो सरळ. वळण लागलंच तर काटकोनाऐवजी दोन सौम्य वळणं. भिंतीत भोक पाडायला कोअर कटिंग करावं लागतं; ते टाइल्स लावण्याआधी करा आणि सोसायटीची परवानगी त्याहीआधी घ्या. इमारतीच्या डक्टमध्ये धूर सोडू देणार नाहीत असं परवानगीच्या वेळीच कळलं तर शेगडीची जागा बदलता येते. ओटा बसल्यावर कळलं तर बिनडक्टची, कोळशाच्या फिल्टरची चिमणी लावण्यावाचून पर्याय उरत नाही. ती वास थोडा कमी करते, पण वाफ आणि उष्णता जशीच्या तशी खोलीत परत सोडते. आपल्या स्वयंपाकाला ती पुरत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट रुंदीची. धूर वर जाताना पसरत जातो. ९० सेंटिमीटरच्या हॉबवर ६० सेंटिमीटरची चिमणी लावली की कडेच्या बर्नरवरचं तळण चिमणीबाहेरच उरतं. शेगडीपासून चिमणी साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर उंचीवर असते. उंच माणसाच्या डोक्याला लागते म्हणून ती आणखी वर नेली की पकड सुटते. खोलीच्या मधोमध शेगडी असलेला आयलंड ओटा चित्रात सुरेख दिसतो. तिथे मागे भिंत नसल्यामुळे वाऱ्याची साधी झुळूक किंवा छताचा पंखा धूर बाजूला लोटतो. रोज तळण-फोडणी असलेल्या घरात शेगडी भिंतीलाच शोभते. आयलंडवर पोळ्या लाटाव्यात, भाजी निवडावी.

आणि चिमणी जितकी हवा बाहेर टाकते तितकी कुठून तरी आत यावीच लागते. खिडक्या बंद असतील तर ती दाराच्या फटींतून, बाथरूमच्या झरोक्यातून येते. घरात गॅस गीझर असेल तर ही गोष्ट गंभीर आहे. गीझरचा बाहेर जायचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो आणि त्या धुरात रंग-वास नसलेला, जीव घेणारा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. मोठी चिमणी लावणार असाल तर गॅस गीझर काढून टाका, आणि चिमणी चालू असताना खिडकी थोडी उघडी ठेवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

आता शेगडी. गॅस की इंडक्शन, हा वाद घराघरांत रंगतो. त्यात पैशाचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. मांडून पाहू. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, म्हणजे प्रयोगशाळेतल्या आदर्श स्थितीत १२० युनिटांच्या आसपास उष्णता भांड्यात उतरते. इंडक्शनची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या घरात असते. तेवढंच काम करायला त्याला सुमारे १४५ युनिट वीज लागेल. तुमच्या वीजबिलावरचा सर्व आकार धरून पडणारा दर १४५ने गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर दर चढतो, हे विसरू नका. इंडक्शनची वीज नेहमीच्या वापराच्या वर पडते, म्हणून तिला वरच्या टप्प्याचा दर लागतो. महाराष्ट्रातल्या अनेक घरांना इंडक्शन गॅसपेक्षा स्वस्त पडत नाही. छतावर सौर पॅनेल असतील तर चित्र उलटं होतं.

इंडक्शनचे खरे फायदे वेगळे आहेत. स्वयंपाकघर तापत नाही, ज्वलनाचा धूर नसतो, दूध उतू गेलं तरी काच एका हाताने पुसली की झालं. काचेखालच्या कॉइलमधून बदलता करंट वाहतो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या तळातच प्रवाह निर्माण होतात आणि तळ स्वतः तापतो. म्हणून भांडं लोहचुंबकाला चिकटणारं लागतं. बिडाचा तवा, लोखंडी कढई, चुंबक धरणाऱ्या तळाचं स्टील चालतं. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, हिंडालियम चालत नाही. गोल बुडाची कढई चालत नाही, तिचा तळ काचेपासून दूर राहतो. घरातली भांडी एकेक करून फ्रिजवरच्या चुंबकाने तपासा. निम्मी भांडी बाद होणार असतील तर नव्या भांड्यांची किंमत हॉबच्या किमतीत मिळवा.

शिवाय ज्वाळेचीच कामं असतात. भाकरी तव्यावर एका बाजूने पाणी सुकेपर्यंत भाजली, उलटली आणि मग थेट जाळावर धरली की टम्म फुगते. फुलका तसाच. भरताचं वांगं, पापड, कणीस, सोलायची ढोबळी मिरची यांना आग लागते. तव्यावर फडक्याने दाबून भाकरी फुगवता येते, पण ज्या घरात रोज भाकरी होते तिथे तो तडजोडीचा मार्ग आहे. म्हणून अशा घरांना मी सगळी इंडक्शन किंवा सगळा गॅस यांपैकी कुठलंच टोक सुचवत नाही. ३० सेंटिमीटर रुंदीची सुटी मॉड्युलं मिळतात. दोन गॅस बर्नर आणि शेजारी दोन इंडक्शन कप्पे असा जोड लावता येतो. भाकरी-भरीत गॅसवर, दूध, आमटी, भात, कुकर इंडक्शनवर.

महाग आणि स्वस्त इंडक्शनमध्ये फरक कुठे दिसतो? दोन ठिकाणी. पहिलं, कॉइलचा व्यास. काचेवरचं वर्तुळ मोठं आणि आतली कॉइल लहान असेल तर डोसा मध्ये करपतो आणि कडेला कच्चा राहतो. दुसरं, मंद आच. स्वस्त यंत्र कमी पातळीवर पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतं. पाणी क्षणभर खळखळतं, क्षणभर शांत होतं. चांगलं यंत्र कमी ताकद सलग देतं. बासुंदी आटवायची असेल, मुरांबा करायचा असेल, तर हा फरक मोलाचा आहे. शोरूममध्ये जोडणी चालू असेल तर सर्वांत खालच्या पातळीवर पातेलंभर पाणी ठेवून पाहायला मागा. विक्रेता चांगला असेल तर तो आनंदाने दाखवतो.

गॅसच्या हॉबमध्ये रंग-रूपापेक्षा एक गोष्ट आधी विचारा: ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद होतो का? बर्नरशेजारी एक बारीक काडी असते. ती तापलेली असेपर्यंत तिच्यात काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर गॅसची झडप उघडी राहते. दूध उतू जाऊन ज्योत विझली, काडी गार झाली, की झडप मिटते. भारीतल्या हॉबमध्ये ही सोय असतेच असं गृहीत धरू नका. घरात वृद्ध माणसं असतील तर ती नसलेला हॉब घेऊच नका.

सिलिंडर आणि पाइपचा गॅस यांतला फरकही नूतनीकरणातच ध्यानात घ्यावा लागतो. पाइपच्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. तेवढ्याच आकारमानात त्याची उष्णता सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहून कमी, आणि दाबही कमी. म्हणून नोझल बदलावी लागते. आज सिलिंडर असेल आणि दोन वर्षांत पाइपलाइन येणार असेल, तर दोन्ही संच मिळणारा हॉब घ्या. गळती झाली तर सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, पाइपचा हलका असल्यामुळे छताकडे जातो. गळती ओळखणारं यंत्र लावताना पहिल्यासाठी ते जमिनीजवळ आणि दुसऱ्यासाठी छताजवळ लागतं. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात ठेवत असाल तर त्या कपाटाला तळाशी जाळी हवीच. सुताराला हे आठवणीने सांगा. सौंदर्यासाठी सपाट बंद दार करून देणारे पुष्कळ असतात.

आता विजेकडे येऊ. चार कप्प्यांचा मोठा इंडक्शन हॉब पूर्ण ताकदीने ७ किलोवॅटच्या वर, म्हणजे ३१-३२ अँपिअर ओढतो. भिंतीतला ओव्हन ३ किलोवॅट, डिशवॉशर पाणी तापवताना २ किलोवॅट. त्याच वेळी दोन एसी चालू असले की आणखी ३. घराचा मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर छापलेलं असतं. ते बिल हातात घेऊनच वायरमनशी बोला. गरज पडल्यास भार वाढवून घ्यावा लागतो, कधी थ्री फेज जोडणी घ्यावी लागते आणि तिचा स्थिर आकारही वेगळा असतो. हॉबसाठी स्वतंत्र एमसीबी आणि किमान ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ओव्हन आणि डिशवॉशरला प्रत्येकी स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि खरोखर तपासलेलं अर्थिंग, एवढं झालं की घर कुठल्याही उपकरणाला तयार होतं. आज इंडक्शन घ्यायचं नसलं तरी ही वायर टाकून ठेवा. टाइल्स लागण्याआधी भिंतीत चर मारायला फार खर्च येत नाही.

अमेरिकेतले नातेवाईक एखादं देखणं यंत्र पाठवतो म्हणाले तर प्रेमाने नको म्हणा. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. मोटर असलेल्या बऱ्याच यंत्रांना ते सोसत नाही.

फ्रिजच्या बाबतीत एक छोटासा शिक्का आहे, तो फार थोडे लोक वाचतात. फ्रिजच्या आत लावलेल्या माहितीच्या पट्टीवर एसएन, एन, एसटी, टी अशी अक्षरं असतात. यंत्र किती तापमानाच्या खोलीत काम करेल याचा तो वर्ग आहे. ‘एन’ म्हणजे १६ ते ३२ अंश सेल्सिअस, ‘एसटी’ ३८पर्यंत, ‘टी’ ४३पर्यंत. युरोपातल्या स्वयंपाकघरात ‘एन’ सुखाने चालतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या स्वयंपाकघरात ‘टी’लाही घाम फुटतो. आयात केलेला फ्रिज घेताना हे अक्षर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कपाटात दडवलेला फ्रिज घ्यायचा असेल तर त्याच्या श्वासाची सोय करावी लागते. फ्रिज आतली उष्णता बाहेर फेकतो. ती कपाटात कोंडली तर कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. अशा फ्रिजला खाली पट्टीतून हवा आत यायला आणि वरून बाहेर जायला सुमारे २०० चौरस सेंटिमीटरची वाट लागते, नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेत असतो. कपाटाचं दार फ्रिजच्या दाराला जोडलेलं असतं, म्हणून दाराच्या वजनालाही मर्यादा असते. आणि एवढं करूनही बाहेरच्या मापाच्या मानाने आत जागा कमी मिळते. एकत्र कुटुंब, आठवड्याची भाजी, दह्याची पातेली, कैरीच्या दिवसांत मोरांबे-लोणच्यांच्या बरण्या असं घर असेल तर सुटा उभा फ्रिजच बरा. फ्रॉस्ट फ्री फ्रिजवर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं (बीईई) तारांकित लेबल २०१०पासून सक्तीचं आहे; तारे मोजण्यापेक्षा त्यावरची वर्षाची युनिटं वाचा, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या वर्षाचे पाच तारे नव्या वर्षी तेवढे राहत नाहीत.

डिशवॉशरच्या इतिहासात या लेखाचं म्हणणं फार चांगलं सापडतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी १८८६ साली भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८९३च्या शिकागो प्रदर्शनात ते मांडलं. यंत्र उत्तम होतं. पण ते घेतलं हॉटेलांनी. घरोघरी ते पोहोचायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला, याचं एक मोठं कारण म्हणजे बहुतेक घरांत त्या यंत्राला पुरेल इतकं गरम पाणी नव्हतं आणि पाणी कठीण असल्यामुळे साबणाचा फेसही नीट होत नव्हता. यंत्राआधी पाणी तयार असावं लागतं.

आपल्याकडेही प्रश्न पाण्याचाच आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००पर्यंत चालवून घेण्याजोगा मानला आहे. बोअरचं, टँकरचं पाणी सहज त्या वरच्या टोकाकडे असतं. डिशवॉशरच्या आत रेझिनचा एक कप्पा असतो. तो पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि भरला की जाड्या मिठाच्या पाण्याने पुन्हा मोकळा केला जातो. मीठ किती आणि किती वेळा वापरायचं हे कठीणपणाच्या सेटिंगवर ठरतं. युरोपीय यंत्रांत हे सेटिंग जर्मन अंशांत असतं: एक अंश म्हणजे लिटरला १७.८ मिलिग्रॅम. पाणी तपासून आलेल्या आकड्याला १७.८ने भागा आणि तेवढं सेटिंग करा. ग्लासांवर पांढरा थर येतो अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच घरांत हे सेटिंग कारखान्यातून आलं तसंच राहिलेलं असतं. नळाचं आणि टँकरचं पाणी मिसळत असेल तर वाईटातल्या वाईट पाण्याचा आकडा धरा.

पाण्याची बचत मात्र खरी आहे. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाने सात युरोपीय देशांतल्या ११३ माणसांना बारा जणांची भांडी हाताने धुवायला लावली तेव्हा सरासरी १०० लिटरच्या वर पाणी लागलं. आजचं यंत्र १० ते १२ लिटरमध्ये तेवढी भांडी धुतं. आपली धुण्याची पद्धत वेगळी, तरी फरक मोठाच राहतो. पण पितळेची, कल्हईची, बिडाची, हिंडालियमची भांडी आणि लाकडी पोळपाट-लाटणं त्यात घालायचं नाही. तीव्र डिटर्जंटने ॲल्युमिनियम काळवंडतं आणि बिडाच्या तव्यावर वर्षानुवर्षं बसलेला तेलाचा थर निघून जातो. मोठी पातेली आणि कुकर बसतील असा खालचा रॅक आहे का, हे आपलं पातेलं नेऊन पाहणं उत्तम. आणि दोन माणसांच्या घरात, जिथे मावशी रोज येऊन भांडी घासून जातात आणि घरच्यांना ते काम त्यांच्याकडेच ठेवायचं आहे, तिथे हे यंत्र घेण्याची गरज नाही.

ओव्हनच्या बाबतीत माझं मत बाजाराच्या उलट आहे. नूतनीकरणात पहिल्यांदा भिंतीतला मोठा कोरडा ओव्हन घेतला जातो, कारण चित्रात तो असतो. ज्या घरात केक, नानकटाई, पाव नियमित होतात तिथे तो जरूर घ्यावा. पण आपला स्वयंपाक मुळात उकडण्याचा आहे. उकडीचे मोदक, अळूवडी, कोथिंबीर वडी, इडली, कोकण-गोव्याकडच्या हळदीच्या पानांतल्या पातोळ्या, सांदणं, उकडलेली रताळी. भारीतल्या उपकरणांत आपल्यासाठीच बनवल्यासारखं काही असेल तर ते वाफेवर चालणारा ओव्हन.

वाफ इतकी प्रभावी का, ते समजून घेण्यासारखं आहे. १८० अंशांच्या कोरड्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घातला तर चटका बसत नाही, पण १०० अंशांची वाफ हाताला लागली तर लगेच भाजतं. वाफ गार पृष्ठभागावर पाणी होते तेव्हा प्रत्येक किलोमागे सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता सोडते. मोदकाच्या पारीवर हेच घडतं: उष्णता चटकन आणि सगळीकडून सारखी मिळते, पारी कोरडी पडत नाही. मोदकपात्रात एका वेळी दहा-अकरा मोदक होतात. वाफेच्या ओव्हनमध्ये दोन-तीन ताटं एकदम लागतात आणि तळच्या उकळत्या पाण्याचे शिंतोडे खालच्या मोदकांना भिजवत नाहीत. वाफ आणि कोरडी उष्णता दोन्ही देणारा जोड-ओव्हन घेतला तर भाजणंही त्यातच होतं. इथेही पाण्याचा प्रश्न आहेच. कठीण पाण्याने वाफ करणाऱ्या भागावर क्षार बसतात, म्हणून टाकीत मऊ पाणी घालायचं आणि यंत्राने आठवण केली की क्षार काढायचे. गणपतीत एकदाच मोदक करणाऱ्या घराला मोदकपात्र पुरतं. आठवड्यातून तीनदा काही ना काही उकडणाऱ्या घराने मात्र कोरड्या ओव्हनचे पैसे इकडे वळवावेत.

ओव्हन कुठलाही घ्या, तो छातीच्या उंचीवर बसवा. गरम ताट वाकून उचलणं कंबरेला आणि हाताला दोन्हीला धोक्याचं. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी फ्रँकफर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं तेव्हा त्यांनी काम करणाऱ्या बाईच्या हालचालींचा वेळ मोजून फडताळं आणि शेगडीच्या जागा ठरवल्या. आजचा मॉड्युलर ओटा त्याच परंपरेतला आहे. तेव्हा उपकरणांच्या जागा ठरवताना घरात जी व्यक्ती रोज उभी राहते तिला रिकाम्या खोलीत उभं करा, खडूने ओटा आखा आणि तिला भात-आमटीचा स्वयंपाक नुसता हालचालींत करून पाहायला सांगा. दार उघडल्यावर डिशवॉशर वाट अडवतो का, फ्रिजमधून काढलेलं पातेलं टेकवायला शेजारी जागा आहे का, ते दहा मिनिटांत कळतं.

भारीतल्या किमतीत आपण नेमकं काय विकत घेतो? बिजागऱ्या, इन्सुलेशन, शांत मोटर, अचूक तापमान आणि टिकाऊपणा. जर्मनीतली मीले ही १८९९पासूनची कंपनी आपली यंत्रं २० वर्षांच्या वापराइतकी तपासली जातात असं सांगते. पण यंत्र वीस वर्षं चालायचं तर वीस वर्षं त्याचे भाग मिळायला हवेत आणि ते बसवणारा माणूस तुमच्या गावात यायला हवा. युरोपीय संघाने मार्च २०२१पासून फ्रिज आणि डिशवॉशरचे महत्त्वाचे सुटे भाग किमान ७ ते १० वर्षं उपलब्ध ठेवण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यावर कंपन्या माहिती देतात. तसं कडक बंधन अजून नाही. मुंबई-पुण्यात ज्या ब्रँडचा तंत्रज्ञ दुसऱ्या दिवशी येतो तोच ब्रँड सांगली, लातूर, जळगावला आठवडाभर येत नाही. रांजणगावात, छत्रपती संभाजीनगरच्या आसपास फ्रिज बनवणारे मोठे कारखाने आहेत; देशात बनणाऱ्या यंत्रांचे भाग मिळणं तुलनेने सोपं जातं. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांनी हा निकष किमतीच्याही वर ठेवावा.

बयाणा देण्याआधी विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागा: प्रत्येक उपकरणाचं बसवण्याच्या मापांचं ड्रॉइंग, त्याला लागणारा वीजभार आणि तुमच्या पिन कोडवर सेवा देणाऱ्या केंद्राचं नाव. ड्रॉइंग सुताराला द्या, वीजभाराचा कागद वायरमनला द्या आणि सेवा केंद्राला स्वतः फोन करा. या तीन गोष्टी मिळाल्याशिवाय ग्रॅनाइट कापू देऊ नका.